आमचीही थकबाकी लोकअदालतीत घ्या

प्रति,
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण, मुंबई
आणि सर्व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांचे सचिव

महोदय / महोदया,

मी नाशिकला घरोघरी जाऊन ब्युटीशियनचं काम करते. दुकान नाही, पाटी नाही. फोनवर ऑर्डर येते, किट स्कूटीवर ठेवते आणि निघते. वॅक्स, फेशियल, थ्रेडिंग ही रोजची कामं आणि लग्नसराईत नवरीचा मेकअप. माझ्यासारख्या बायका आता प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. कुणी कोर्स करून आली, कुणी शिवणकाम सोडून, कुणी नवरा गेल्यावर वहिनीच्या पार्लरमध्ये शिकून. आम्हा सगळ्यांचं दुखणं मात्र एकच आहे. केलेल्या कामाच्या पैशांसाठी मागे लागावं लागतं, आणि मुहूर्ताची ऑर्डर आयत्या वेळी रद्द झाली तर दाद कुठे मागायची हे कुणी सांगत नाही.

मागणी आधीच सांगते. राष्ट्रीय लोकअदालतीत बँका, महावितरण, ग्रामपंचायती यांच्या थकबाकीची दाखलपूर्व प्रकरणं, म्हणजे अजून कोर्टात न गेलेले वाद, तडजोडीसाठी ढिगाने लागतात. त्याच लोकअदालतीत घरोघरी सेवा देणाऱ्या बायकांच्या थकलेल्या पैशांसाठी एक स्वतंत्र पॅनल ठेवा. ब्युटीशियन, मेंदीवाल्या, साडी नेसवणाऱ्या, घरी येऊन मालिश करणाऱ्या, सगळ्यांसाठी.

आता नुकसान म्हणजे काय ते सांगते, कारण "काम केलंच नाही तर पैसे कसले?" हे आम्हाला चांगली शिकलेली माणसंही विचारतात.

तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त सुरू होतात. पौषात बहुतेक घरं लग्न काढत नाहीत. मग माघ, फाल्गुन, पुढे वैशाख, ज्येष्ठ, आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला की फोन वाजायचे थांबतात. वर्षाची निम्मीअधिक कमाई या मोजक्या तारखांवर उभी असते. दाट तिथीला एकाच दिवसासाठी चार-पाच घरांतून विचारणा होते. ज्या घरून ॲडव्हान्स आधी येतो त्यांची तारीख पक्की, बाकीच्यांना मी नाही म्हणते आणि त्या दुसरीकडे जातात. मग लग्नाला पाच दिवस उरलेले असताना फोन येतो, "ताई, आत्याच्या ओळखीची एक जण आहे, ती कमी घेतेय. आमचं कॅन्सल करा आणि ॲडव्हान्स परत टाका." ज्यांना मी नाही म्हटलं होतं त्यांनी कधीच दुसरी ठरवलेली असते. बाजारात भाजी संध्याकाळी निम्म्या भावात तरी जाते, मुहूर्ताची तारीख निम्म्या भावातही जात नाही.

त्या तारखेसाठी केसांचं काम करणारी एक मुलगी सांगून ठेवलेली असते, तिने दुसरं काम सोडलेलं असतं. तिला मी काय सांगायचं? नवरीच्या रंगाला जुळणारं फाउंडेशन आणलेलं असतं, लॅशेस आणलेल्या असतात, गजऱ्यांची ऑर्डर दिलेली असते. लग्न सिन्नरला किंवा पिंपळगावला असेल तर पहाटे निघायची गाडी ठरलेली असते. ट्रायल म्हणून एकदा पूर्ण मेकअप करून दाखवलेला असतो, तोही बऱ्याचदा फुकट.

सगळ्याच रद्द झालेल्या ऑर्डरींबद्दल मी तक्रार करत नाही. घरात सुतक आलं, लग्न पुढे गेलं, की मी ॲडव्हान्स पुढच्या तारखेला धरते. लग्नच मोडलं तर झालेला खर्च वजा करून उरलेले पैसे परत करते. मुलीच्या बापावर तेव्हा काय ओढवलेलं असतं ते मला दिसतं. या धंद्यातल्या बहुतेक जणी असंच वागतात, नाहीतर गावात नाव टिकत नाही. प्रश्न आहे तो ज्यांच्याकडे कारण नाही, फक्त स्वस्तातली दुसरी सापडली आहे त्यांचा. आणि त्याहून मोठा प्रश्न आहे, काम पूर्ण झाल्यावर पैसे न देणाऱ्यांचा.

मंगल कार्यालयातली ती वेळ आपण जवळून पाहावी असं मला वाटतं. वरच्या मजल्यावर नवरीची खोली, एकच प्लग, त्यात कुणाचा तरी मोबाइल चार्जिंगला लावलेला. केस कुरळे करायला मशीन लावायची म्हणजे आधी त्या मोबाइलच्या मालकाला शोधायचं. नवरीचा मेकअप चालू असतानाच साइडर, म्हणजे तिच्याबरोबर तयार व्हायच्या घरातल्या बायका-मुली, एकेक करून आत येतात. पाच ठरलेल्या असतात, बसतात आठ. "माझं फक्त आयलायनर लावा ना," "हिची नुसती साडी पिन करून द्या." नववारी नेसवून होते, खोपा घालून होतो, मुंडावळ्या बांधल्या जातात, तेवढ्यात खालून गुरुजींचा आवाज येतो, मुलीला आणा. मामा येतात आणि मुलीला बोहल्याकडे घेऊन जातात. तिच्याबरोबर सगळी खोली रिकामी होते.

मी किट आवरून जिन्याजवळ उभी राहते. वडील म्हणतात, "ताई, आधी अक्षता पडू द्या." अक्षता पडतात. मग म्हणतात, "जेवून घ्या आधी, पैसे कुठे पळून जातात का?" जेवण होतं. भाऊ म्हणतो पैशांचं मावशीकडे आहे. मावशी म्हणते, मेकअप घामाने ओघळला, फोटोत मुलगी काळी आलीय, दोन हजार कमी घ्या. वैशाखातली दुपार, पंखे वऱ्हाडाच्या डोक्यावर, नवरी होमासमोर बसलेली. तरी मी म्हणते ठीक आहे, उरलेले तरी द्या. तोवर पाठवणी सुरू होते. लेकीच्या गळ्यात पडून रडणाऱ्या बापाकडे त्या क्षणी पैसे मागणारी बाई सगळ्यांना कसाई वाटते. मी मागत नाही. कुणीच मागत नाही. "दोन दिवसांत जी पे करतो" यावर घरी यायचं. दोन दिवसांनी वडील फोन उचलत नाहीत. नवरी मेसेज करते, "मी आता सासरी आहे ताई, पप्पांशी बोला." त्यानंतर माझा नंबर ब्लॉक होतो.

जास्तीच्या तीन साइडरचा तर हिशोबच नसतो. कुणी सांगितल्या? नवरी म्हणते मी नाही, आई म्हणते मला माहीत नाही.

रोजच्या कामातही हेच चालतं, रक्कम लहान असते इतकंच. सोसायटीच्या गेटवर पोहोचल्यावर वॉचमन सांगतो मॅडम बाहेर गेल्यात. फोन लावला तर, "अय्या, सांगायचं राहूनच गेलं." तीनशे-चारशेचं काम, येण्याजाण्याचं पेट्रोल आणि मधली वेळ वाया. काम झाल्यावर "सुट्टे नाहीत, पुढच्या वेळी एकदम देते." पुढच्या वेळी वेगळ्याच बाईला बोलावलेलं असतं. आणि आता खोटा स्क्रीनशॉट हा नवा प्रकार आला आहे. मोबाइल समोर धरून हिरवी टिकची खूण दाखवतात, बघा गेले पैसे. माझ्या खात्यात काहीच येत नाही. म्हणून मी आता बँकेचा मेसेज आल्याशिवाय किंवा खातं उघडून पाहिल्याशिवाय निघत नाही. पण लोक याचाही राग धरतात, आमच्यावर विश्वास नाही का म्हणतात.

मग जायचं कुठे? पोलीस ठाण्यात गेलं की ऐकायला मिळतं, हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जा. खोट्या स्क्रीनशॉटचं प्रकरण फसवणुकीचं आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसतं, पण सातशे रुपयांसाठी गुन्हा नोंदवून घ्यायला कोण बसलंय? दिवाणी दावा करायचा तर मुद्रांक, वकील, तारखा. दावा दाखल करायला कायद्याने तीन वर्षांची मुदत आहे, पण सहा हजारांसाठी वर्षानुवर्षं चपला झिजवायला कुणाच्या अंगात ताकद नाही. एका दिवसाच्या तारखेला गेलं की त्या दिवसाची कमाई बुडतेच.

आमच्या ग्राहकाला मात्र रस्ता आहे. माझ्या ब्लीचने कुणाची त्वचा जळली तर ती ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकते, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीसुद्धा लागत नाही. हे योग्यच आहे. चेहऱ्याशी खेळणाऱ्या बाईला जाब विचारता आलाच पाहिजे. माझं म्हणणं इतकंच की त्याच व्यवहारात माझे पैसे बुडाले तर त्या आयोगात मला जागा नाही, कारण मी ग्राहक नाही, सेवा देणारी आहे.

इव्हेंट मॅनेजरकडून काम घेणाऱ्या मैत्रिणींसाठी एक मार्ग आहे, तो इथे लिहून ठेवते, कारण तो फार थोड्यांना माहीत आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आधारवर मोफत होते. ती असली की सूक्ष्म उद्योग म्हणून २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याखाली पैसे ४५ दिवसांच्या आत मिळायला हवेत, उशीर झाला तर व्याज लागतं आणि असे थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करता येतो. पण लग्नघर ही काही कंपनी नाही. एका घराच्या सहा हजारांसाठी त्या कौन्सिलच्या वाटेला कोण जाणार?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची, म्हणजे सुटी कामं घेणाऱ्यांची आणि ॲपवरून काम मिळणाऱ्यांची, नावानिशी नोंद आहे, ॲप कंपन्यांनी त्यांच्यासाठी निधीत पैसे भरायचे आहेत. ॲपवर काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना त्याचा उपयोग होवो. पण तो निधी विमा, आजारपण, म्हातारपण यासाठी आहे. ग्राहकाने बुडवलेल्या पैशांबद्दल त्यात काही नाही, आणि ज्यांच्या मागे ॲपच नाही अशा माझ्यासारख्यांसाठी कुणी काही भरणारही नाही.

म्हणून आपल्याकडे आले.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, तिची मिळकत कितीही असो. कोर्टात दाखल न झालेला वादही लोकअदालतीपुढे ठेवता येतो, तशी तरतूद याच कायद्यात आहे. तिथे तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतका पक्का असतो, आणि त्यावर अपील नाही. फी नाही. वकील लागतोच असं नाही. आम्हाला जे हवं आहे ते सगळं कायद्यात आधीच आहे. आमच्यापर्यंत ते कुणी आणलेलं नाही.

लोकअदालत मला कळली ती उलट्या बाजूने. सासऱ्यांच्या नावावर एका जुन्या फोनचं बिल राहिलं होतं, रक्कम हजाराच्या आतली. घरी नोटीस आली, वर विधी सेवा प्राधिकरणाचं नाव, खाली तारीख आणि वेळ. सासरे दोन दिवस नीट जेवले नाहीत. मी पोलिसांचंच काहीतरी आहे असं समजले होते. ठरल्या शनिवारी ते जिल्हा न्यायालयात गेले. टेबलापाशी कंपनीचा माणूस बसला होता, त्याने थोडी सूट दिली, सासऱ्यांनी पैसे भरले, पावती मिळाली, तासाभरात घरी. आजूबाजूच्या टेबलांवर बँकेची माणसं होती, वीजबिलाची होती. सासऱ्यांनी सहज सांगितलेलं हे माझ्या डोक्यातून गेलं नाही. हजाराच्या आतल्या बिलासाठी कंपनी आमच्या घरी नोटीस पाठवू शकते, तर माझे सहा हजार बुडवणाऱ्याच्या घरी माझ्या नावाने तशी नोटीस का जाऊ नये? बँकेकडे वसुलीची माणसं आहेत, वकील आहेत, यादी करून द्यायला कर्मचारी आहेत. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांच्यासाठीच तर हा कायदा झाला.

आपण म्हणाल, लोकअदालत दोघांच्या संमतीने चालते, समोरचा आलाच नाही तर? बरोबर आहे. काही येणार नाहीत. पण पैसे बुडवणारी बरीचशी माणसं बुडवून पचतंय म्हणून बुडवतात. चार माणसांत मान असलेलं घर असतं, लग्नावर दहा-बारा लाख खर्च केलेले असतात. त्यांच्या दाराशी न्यायालयाच्या आवारातून एक कागद गेला की यातली निम्मी प्रकरणं तारखेच्या आधीच मिटतील, असं मी माझ्या अनुभवावरून सांगते. ती माणसं पैशाला कमी नसतात, त्यांना फक्त आमच्याकडे बघायला वेळ नसतो.

दुसरी अडचण पत्त्याची. आमच्याकडे बऱ्याचदा मोबाइल नंबर आणि कार्यालयाचं नाव एवढंच असतं. २०२० मध्ये कोविडच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने व्हॉट्सॲपसारख्या माध्यमातूनही नोटीस बजावायला परवानगी दिली होती. ज्या नंबरवरून ऑर्डर ठरली, ॲडव्हान्स आला, त्याच नंबरवर प्राधिकरणाची नोटीस जाऊ द्या.

तिसरी अडचण पुराव्याची, आणि इथे आपल्या विधी स्वयंसेवकांची खरी गरज आहे. आमचा सगळा करार व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्याने झालेला असतो. निम्मा व्हॉइस मेसेजमध्ये, थोडा फोनवर, थोडा नवरीशी, थोडा तिच्या आईशी. तोंडी ठरलेलं कायद्याला चालतं हे खरं, पण सिद्ध कसं करायचं? म्हणून आपण अर्ध्या पानाचा, साध्या मराठीतला बुकिंगचा नमुना काढून द्यावा, प्राधिकरणाच्या नावाने. त्यात काय असावं ते आम्ही अनुभवाने सांगू शकतो. तारीख, कार्यालय, कितीला पोहोचायचं. नवरीचे किती लुक, साइडर किती, जास्तीच्या साइडरचा दर. एकूण रक्कम, ॲडव्हान्स, आणि उरलेली रक्कम कधी द्यायची ते स्पष्ट. माझ्या मते ती साडी नेसवून झाल्यावर, मुलगी बोहल्याकडे निघण्याआधी दिली पाहिजे, कारण त्यानंतर मागायची वेळच येत नाही. रद्द केलं तर किती दिवस आधी सांगितल्यावर किती परत. सुतक आलं तर काय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे कोण देणार त्याचं नाव आणि सही. लग्नघरात काम सांगणारी मुलगी, दर ठरवणारी आई आणि पैसे देणारे वडील, अशी तीन माणसं असतात. भांडण झालं की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. ती एक ओळ असली तर निम्मे वाद उभेच राहणार नाहीत.

ॲडव्हान्स किती ठेवून घ्यावा यावरही त्या नमुन्यात मार्गदर्शन हवं. करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे रक्कम आधी ठरवलेली असली तरी भरपाई वाजवीच मिळते, असं मला एका वकीलताईंनी समजावलं. म्हणजे महिनाभर आधी रद्द केलेल्या ऑर्डरचा पूर्ण ॲडव्हान्स गिळून बसणारी ब्युटीशियनही चुकतेच. तिच्याविरुद्धची तक्रारही याच पॅनलसमोर यावी. मेकअप खरंच बिघडला, उशिरा पोहोचली, ठरलेलं सामान वापरलं नाही, असं ग्राहकाचं म्हणणं असेल तर तेही त्याच टेबलावर ऐकून घ्या आणि दोन हजार कमी करायचे की नाही ते समोरासमोर ठरू द्या. आम्हाला त्याची भीती नाही. भीती आहे ती मावशीने जिन्यात एकटीनेच निकाल देण्याची.

आणखी एक, आपल्या शिबिरांबद्दल. महिला दिनाला वस्तीत, महाविद्यालयात विधी साक्षरता शिबिरं होतात. मी दोनदा बसले आहे. कौटुंबिक हिंसाचार, हुंडा, पोटगी यावर वकीलताई फार चांगलं बोलतात, बायका रडतात, नंतर भेटून विचारतात. हे चालू राहिलंच पाहिजे. पण त्याच खुर्च्यांवर बसलेल्या बायकांमध्ये पोळ्या लाटून देणाऱ्या असतात, शिवणकाम करणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या, माझ्यासारख्या असतात. त्यांच्या हातातून केलेल्या कामाचे पैसे निसटतात आणि कायद्याने ते परत मागता येतात, हे त्यांना कुणी सांगत नाही. बाईच्या हातात स्वतःचे पैसे असले तर पहिल्या तीन विषयांतल्या बऱ्याच गोष्टी तिला थोड्या सोप्या होतात. एक तास या विषयाला द्या. १५१०० ही मोफत मदतवाहिनी आहे हेसुद्धा आमच्यात कुणाला माहीत नव्हतं.

नाशिकमधल्या आम्ही काही जणी मिळून आमच्या थकलेल्या पैशांची यादी करत आहोत. प्रत्येकीचा अर्ज वेगळा असेल, त्यासोबत व्हॉट्सॲपवरचं बोलणं छापून, ॲडव्हान्सचा व्यवहार क्रमांक लिहून आणि जिथे मिळेल तिथे लग्नाची पत्रिका जोडून. पत्रिकेवर वडिलांचं पूर्ण नाव आणि पत्ता असतो, पत्त्याची अडचण निदान तिथे तरी सुटते. पुढच्या राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधी हे अर्ज घेऊन आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात येणार आहोत. ते दाखलपूर्व प्रकरणं म्हणून नोंदवून घ्यावेत, नोटिसा काढाव्यात आणि पॅनलवर शक्य तर एक स्त्री सदस्य असावी, एवढी विनंती. सोमवार आम्हाला सोयीचा, त्या दिवशी काम कमी असतं. कार्यालयाने दुसरा दिवस सांगितला तर त्या दिवशी येऊ.

आपली,
घरोघरी काम करणारी एक ब्युटीशियन
नाशिक